न मोजलेला होकार

"तुला कुणी जबरदस्तीनं घेऊन चाललंय का?" इंगवले साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मारलं, धमकावलं? काही खायला घालून गुंगी आणली?"

"समोसे खाऊ घातले," मी म्हणाले. "पण ते मीच मागितले होते."

साहेब हसले. माझ्या मागे उभा असलेला डुलीचंद मामाही हसला. हसताना त्याचा माझ्या खांद्यावरचा हात हलला, तेव्हा कळलं की तो हात तिथे किती जड झाला होता.

स्टेशनातली रेल्वे पोलिसांची खोली होती ती. हिवाळ्यातला रविवार, टळटळीत दुपार, तरी माझे तळहात गार. मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे आणि वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी बेल वाजवली तरी मी थांबत नाही, अशी माझी ख्याती आहे. तेव्हाही गप्प बसणाऱ्यातली नव्हतेच. पण त्या खोलीत जीभ टाळूला अशी चिकटली होती, की एकेक शब्द नखानं खरवडून काढावा लागत होता.

आणि खरं सांगायचं तर मी साहेबांशी खोटं बोललेच नव्हते. जबरदस्ती कुणीच केली नव्हती. डुलीचंद मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा, पाठचा भाऊ. बाबा परमुलखात राईस मिलवर कामाला, दिवाळीला तेवढे यायचे. घरात शब्द चालायचा तो मामाचा. त्यानं एके दिवशी येऊन सांगितलं की राजस्थानकडे एक मोठा दवाखाना आहे, तिथे मुलींना फुकटात नर्सिंग शिकवतात, राहणं-खाणं त्यांचं, आणि शिकून झालं की तिथेच नोकरी. आई रडली, पण आनंदानं. मी तर हवेतच होते. आमच्या अख्ख्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, घरोघरी जाऊन सांगून आले. शेजारच्यांच्या बकरीचा ताप बघून दिला. माझा कंपासबॉक्स पुनीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, देऊन टाकला. मला कुणी त्या दिवशी खोलीत कोंडलं असतं, तर मी कौलं काढून मामाबरोबर पळाले असते.

हवा निघाली ती वाटेत. आधीच्या एका स्टेशनवर एक बाई आम्हाला येऊन मिळाली. मामा तिला किसनाबाई म्हणायचा. डोक्यावर ओढणी, बोलणं हिंदीसारखं पण हिंदी नव्हे. तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे केलं, दात पाहिले, आणि एक बोचकं माझ्या मांडीवर ठेवून ती मामाशी कुजबुजायला गेली. मांडीवर बोचकं ठेवून मला नुसतं बसायला सांगणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून उपास सांगणं. मी गाठ सोडली. आत लाल ओढणी होती, लाखेच्या बांगड्या होत्या, आणि चिंधीत गुंडाळलेली चांदीची जोडवी.

जोडवी घालून कोण नर्सिंग शिकतं?

मला आधी हसू आलं. मग आलं नाही. मी मामाला विचारलं. तो चिडला नाही, रागावला नाही. ते किसनाबाईच्या सुनेचं आहे म्हणाला, बोचकं पुन्हा बांधून तिच्याकडे देऊन आला, आणि माझ्या शेजारी बसून चहा सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "हे पाय, नर्सिंगले अठरा पूर्ण लागतात. कोणी पुसलं त अठरा सांगजो. आन् लग्नाले चाललो म्हणजो. नाई त पोलीस तुले सुधारगृहात टाकन, आन् तुह्या आईले आत घेऊन जाईन."

एरवी तो मला 'त्रिवेणीबाई' म्हणायचा. त्या दिवशी सकाळपासून त्यानं मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायला उतरलो. मी नळावर बाटली भरत होते. नळाशेजारी हरवलेल्या मुलांसाठीचं एक टेबल मांडलेलं होतं आणि त्यामागे मोनालीताई बसली होती, बारकीशी, गळ्यात ओळखपत्र, हातात अर्धवट सोललेला संत्रा. तिनं एक फोड पुढे केली आणि सहज विचारलं, कितवीत गं? मी फोड तोंडात टाकत म्हणाले, नववीत. आणि मग म्हणाले, म्हणजे, बारावी झाली. आणि मग म्हणाले, लग्नाला चाललो. ती काही बोलली नाही. संत्रा टेबलावर ठेवून माझ्याबरोबर चालायला लागली. किसनाबाईनं लांबूनच ते पाहिलं असावं; आम्ही मामापाशी पोचलो तेव्हा ती नव्हती, आणि बोचकंही नव्हतं.

तर अशी मी त्या खोलीत येऊन बसले होते.

इंगवले साहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामाच्या फोनवरून माझ्या आईशी बोलून घेतलं. आईचा घाबरलेला आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता: होय साहेब, सख्खा भाऊ हाये माझा, मीच पाठवलं पोरीला नर्सिंगला, काही झालं का? साहेबांनी काही झालं नाही म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि मोनालीताईकडे वळले. मामा खरा निघाला. आईची परवानगी आहे. पोरगी राजीखुशीनं चाललीय. अंगावर वळ नाही, डोळ्यांत गुंगी नाही. तस्करी म्हणजे पळवून नेणं. इथं कोण कुणाला पळवतंय? उलट बिचाऱ्यांची गाडी चुकली.

"साहेब, पण ती आधी नववीत म्हणाली, मग बारावी झाली म्हणाली. वय बदललं तिनं," मोनालीताई म्हणाली.

"पोलिसांसमोर माझी बायकोपण वय बदलते," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा मायेनंच म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळं मामांना इथं चोरासारखं बसावं लागलं. पाया पड बघू त्यांच्या."

आता हे आमच्याकडचं, पूर्वेकडच्या विदर्भातलं, ज्याला माहीत नाही त्याला सांगायला हवं. आमच्या घरात आणि आसपासच्या कैक घरांत भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो, मग ती पाळण्यात का असेना. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला तर पाप मामाला. मी लहान असताना एकदा बाजेखालचा चेंडू काढताना माझा हात डुलीचंद मामाच्या पावलाला लागला होता. तो जेवणावरून उठला, दोन्ही कान धरले आणि खरकट्या तोंडानं माझ्या पायांवर डोकं टेकवून मगच पुन्हा बसला.

साहेबांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी वाकले. वाकताना मनात एवढंच होतं, की आता मामा मागे सरेल. अगं अगं करून मागे सरेल, माझे हात धरेल, आणि मग सगळं ठीक असेल. जोडवी किसनाबाईच्या सुनेची असतील, दवाखाना खरा असेल, आणि मी उगीच घाबरले असेन.

त्याचे पाय हलले नाहीत. माझी बोटं त्याच्या चपलेच्या पट्ट्याला लागली, अंगठ्याला लागली. वरून त्याचा आवाज आला, "सुखी राह्य."

मी तशीच वाकलेली राहिले. मी त्याची भाची उरले नव्हते. मग मी त्याची कोण होते?

"संस्कार आहेत बघा," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं, हो ना? माझ्यासारख्या तोंडाळ मुलीनं. पण सुधारगृह, आई, आत, मामाचे हे तीन शब्द डोक्यातून जात नव्हते. मोनालीताईनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग ती खालच्या आवाजात, पण अजिबात न हलता म्हणाली की अशी मुलगी मिळाली की बालकल्याण समितीपुढे न्यावीच लागते. सोडायचं की नाही ते समिती ठरवते, स्टेशन नाही. साहेबांनी आज रविवार असल्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, मग एका सदस्याच्या घरी नेलं तरी चालतं, लिल्हारे मॅडम गावातच राहतात. साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि टोपी उचलली. मामा म्हणाला, चला की, आपल्याला काय भेव. पुढची गाडी संध्याकाळी होती. त्याला घाई नव्हती.

समिती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काळा कोट, उंच खुर्ची आणि हातोडा आला होता. जीपमधून उतरेपर्यंत तो हातोडा डोळ्यांपुढून हलला नाही. आणि दार उघडलं ते कोपरापर्यंत पांढऱ्या पिठात बुडालेल्या एका जाडजूड बाईनं. कपाळाला पीठ, केसांना पीठ. मागच्या अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर अर्ध्या भागात कोहळ्याच्या वड्या घातलेल्या. शेजारी वाटलेल्या उडदाच्या डाळीचं हे एवढं घमेलं.

"हात भरलेत माझे," मॅडम म्हणाल्या. "कान रिकामे आहेत. बोला तुम्ही."

साहेबांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सख्खा मामा, नर्सिंग, आईची परवानगी, पोरीची मर्जी. मोनालीताईनं नववीचं जोडलं. मॅडम ऐकता ऐकता वड्या घालत होत्या. मामाला त्यांनी फाटकाजवळची खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मला म्हणाल्या, "तू हात धू अन् बस इकडे. ऊन उतरायच्या आत संपायला पाहिजेत."

मी बसले. पीठ गार होतं. माझ्या वड्या वाकड्यातिकड्या पडत होत्या, आणि पाठीवर फाटकाकडून येणारी नजर अशी जाणवत होती जसं कुणी काडी टोचत बसावं.

जबरदस्तीचं मॅडमनी विचारलंच नाही. विचारलं ते भलतंच. दवाखान्याचं नाव काय? माहीत नाही. गावाचं? राजस्थानकडे आहे. राजस्थान केवढं मोठं आहे, तुझ्या नकाशात पाहिलंस ना? पाहिलं. पुस्तकं कोणती घेतलीस सोबत? मामा म्हणाला तिथे मिळतील. वही? पेन? तेही. समजा तिथे करमलं नाही आणि उद्या परत यावंसं वाटलं, तर कशी येशील? आईला फोन करीन. नंबर सांग बरं आईचा.

नंबर मामाच्या फोनमध्ये होता.

मी एक वडी घातली, मग दुसरी, मग त्याच जागी तिसरी. "मी अठराची आहे," मी मध्येच म्हणाले, कारण कुणी विचारलं तर सांगायचं होतं आणि कुणी विचारतच नव्हतं.

"अठराची? अन् नववीत?" मॅडम म्हणाल्या. "चार वेळा नापास झालीस म्हण की."

"मी कशाला नापास होऊ," मी म्हणाले. "वर्गात दुसरी येते मी. पहिली येणारी सरांची पुतणी आहे."

मोनालीताईला हसू आलं. मॅडमनी नुसतं 'हं' केलं. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं, आणि फाटकाजवळची खुर्ची करकरली, म्हणजे मामालाही कळलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, गाडीची वेळ होत आली. काय करायचं?"

मॅडमनी पुढची वडी घातली. मामाला विचारलं, गाव कोणतं तुमचं? त्यानं सांगितलं. "मग आपल्याकडलेच तुम्ही," त्या म्हणाल्या. "भाचीला घेऊन एवढ्या लांब निघालात. निघताना तिच्या पाया पडलात की नाही?"

"पोरगीच पडली की मघाशी," साहेब कौतुकानं म्हणाले. "माझ्यासमोर."

घमेल्यातला मॅडमचा हात थांबला. "पोरगी पडली?" त्यांनी विचारलं, आणि मामाकडे पाहिलं.

मामा हुशार होता. तो उठला, चपला काढल्या, अंगण ओलांडून आला आणि माझ्यापुढे चक्क जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी माझे घोटे धरले. डोकं माझ्या पावलांवर ठेवलं. लांबून ते फार सुंदर दिसत असणार; मोनालीताईच्या कपाळावरची आठी मी सैल होताना पाहिली. मलाही क्षणभर वाटलं, आला, माझा मामा परत आला.

मग त्या खाली घातलेल्या डोक्यातून, माझ्या पायांशी, आवाज आला. एवढा हळू, की तो मला कानापेक्षा घोट्यांना जास्त ऐकू आला.

"तू वापस गेली त पुनीले न्या लागन मले. शबद देऊन बसलो मी त्यायले."

तो उठला. डोळे पुसत उठला, आणि डोळ्यांत पाणी खरं होतं.

पुनी दहा वर्षांची. सगळ्या झाडांवर चढणारी, सगळ्यांवर विश्वास ठेवणारी. दात पडला तर कावळा नवा आणून देतो, हे तिला मीच सांगितलं होतं आणि ती तासभर कावळ्याची वाट पाहत बसली होती. किसनाबाई तिची हनुवटी धरून दात पाहील, तेव्हा ती आ करून दाखवील. खिडकीही मागील, समोसाही मागील.

"मला जायचंय," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आवाज माझाच होता. सकाळपासून पहिल्यांदाच खणखणीत निघाला होता. "मी माझ्या मर्जीनं चालले. मला कुणी फसवलं नाही. अठराची नाही मी, चौदाची आहे, पण मला जायचंय. लिहून घ्या, मी सही करते."

साहेबांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे झालं. मामानं चपला घातल्या.

मॅडम उठल्या, नळावर गेल्या आणि पहिल्यांदाच हात धुतले. सावकाश, बोटांच्या पेरांतलं पीठ काढत. पदराला हात पुसत त्या साहेबांना म्हणाल्या, "ती हो म्हणते, हे मी ऐकलं. पण ते मोजायचं नाही."

"म्हणजे? पोरगी स्वतः सांगतीय."

"सांगू दे. कायद्याला विचारायचं असतं ते वेगळंच. हिला कोण घेऊन चाललं, काय सांगून, अन् कशासाठी. कोण, तर मामा. सख्खा आहे, मला पटलं. पण सख्ख्यांना सूट आहे असं कुठं लिहिलंय? काय सांगून, तर नर्सिंग. नववीतल्या पोरीला नर्सिंग कोण शिकवतं, तुम्हीच सांगा. गावाचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही, आईचा नंबर नाही, एक पेन नाही. हे आमिष झालं, साहेब. जबरदस्ती म्हणजे फक्त दोरखंड नव्हे. अन् आमिष दाखवून पोर न्यायची म्हटल्यावर, तिनं हो म्हटलं काय अन् नाही म्हटलं काय, कायद्याला दोन्ही सारखंच. मर्जी मोजायचीच नाही."

"अन् कशासाठी?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

"ते तुम्ही शोधायचं आहे."

मला राग आला.  "का नाही मोजायचं?" मी म्हणाले. "माझं आहे ना ते? मी म्हटलंय ना हो? मोजा."

मॅडम माझ्यापाशी येऊन बाजेच्या कडेवर बसल्या. त्यांच्या अंगाला हिंगाचा आणि कोहळ्याचा वास येत होता.

"मोजा ना, मॅडम," मी म्हणाले. आता मी रडत होते, आणि मोजा, मोजा एवढंच येत होतं तोंडातून. त्यांनी मला थांबवलं नाही. माझा श्वास खाली बसला तेव्हा त्या फक्त माझ्यापुरतं म्हणाल्या, "पोरी, तुझं हो मोजायला लागलो, तर ज्याच्या हातात तू आहेस तो तेवढंच तुझ्याकडून काढून घेईल. कसंही. म्हणून ते तुझ्यावर ठेवलेलंच नाही. तू जायला तयार झालीस म्हणून आता कुणी जाणार नाही, अन् तू नाही म्हणालीस म्हणूनही कुणाला जावं लागणार नाही."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या की त्यांनी काही ओळखलं होतं, मला अजून ठाऊक नाही. पण ते ऐकलं आणि माझ्या हातातला सौदाच गळून पडला. मी हो द्यायला निघाले होते, आणि ते कुणी घेतच नव्हतं. मग माझ्याकडे द्यायला खरं तेवढं उरलं.

"तो पुनीला नेईल," मी म्हणाले. "माझी बहीण. आत्ता पाया पडताना म्हणाला. तू परत गेलीस तर पुनी."

"पोरगी भेदरली साहेब, काहीबाही बोलून रायली," मामा म्हणाला आणि फाटकाकडे सरकला. इंगवले साहेब त्याच्याआधी तिथे होते. ते फाटकाला पाठ लावून उभे राहिले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा, मामा," ते म्हणाले.

मग मी थांबले नाही. किसनाबाई, बोचकं, ओढणी, बांगड्या, जोडवी, दात. कोण बाई, साहेब विचारत होते, कोणती बाई, मला कुणी बाईचं का नाही सांगितलं? मोनालीताईनं ओठ चावला. ती बाई तिनं लांबून पाहिली होती, पण मामाच्या सोबतची असेल असं तिला वाटलं नव्हतं. दुपारपासून किसनाबाई मोकळी होती. आणि त्या स्टेशनसमोरूनच आमच्या टोल्याकडची बस सुटते.

हे मी मोठ्यानं बोलले.

साहेबांनी आमच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. टोल्यावर जाऊन पुनीला ताब्यात घ्या, आईजवळ बसवा, कुणी अनोळखी बाई आली असेल तर धरून ठेवा. पाटलांनी फटफटी काढली. आम्ही थांबलो. मामा खुर्चीत गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसला होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. एक कावळा येऊन वड्यांवर बसला, त्याला कुणी हाकललं नाही. मोनालीताईनं माझा हात धरला होता. पीठ वाळून दोघींची बोटं चिकटून गेली होती.

फोन वाजला. साहेबांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मी उठून उभी राहिले. पुनी घरात नव्हती. आई म्हणत होती आत्ता तर होती, दारात खेळत होती. बाई कुणी पाहिली नव्हती, पण दुपारची बस येऊन गेली होती. पाटील शोधत होते.

मला आजही तो वेळ नीट सांगता येत नाही, मी काहीही सांगू शकणारी मुलगी असून. एवढंच आठवतं की मी मनात एकामागून एक सगळी झाडं घेत होते. शाळेमागचं बोराचं. विहिरीवरचं जांभळाचं. मारुतीजवळची चिंच. प्रत्येक झाडाखाली मी लाल ओढणी बघत होते.

पुन्हा वाजला तेव्हा साहेबांनी ऐकलं, डोळे मिटले आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताई," पुनी म्हणाली, धापा टाकत आणि रागानं. "मले पाटीलकाकानं चिंचेवरून उतरवलं. अजून गाभुळ्या काढाच्या होत्या माह्या."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ताई, तू पोचली काय नर्सिंगले?"

"नाही."

"काहून?"

"मी परत येते आहे."

पलीकडे आईचं रडणं आणि फटफटीचा आवाज. मग पुनीचा आवाज आला, एकदम आनंदी. "मग मी जाऊ का? मामानं मले पुसलं होतं. ताईले करमलं नाई त तू येशीन का म्हणे. मी हो म्हटलं. मी त पिशवी बी भरून ठेवली."

मी फोनवर तळहात दाबून धरला. 

"मॅडम," मी म्हणाले, "ती पण हो म्हणून बसलीय. तिचंही मोजायचं नाही ना?"

"केवढी आहे?"

"दहाची."

"नाही मोजायचं," मॅडम म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

मी फोन कानाला लावला. पुनी विचारतच होती, ताई, जाऊ ना मी, सांग ना, हो म्हणू ना?

"तू काहीही म्हण," मी तिला म्हणाले. "घरात जा आणि आईजवळ बस."